लांब नावाचा आजार आणि बोदवडची बस

माझी नोकरी नेमकी कसली होती, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून कळलेलं नाही. कोणी विचारलं की तो सांगतो, "शोभा दवाखान्यात होती. डॉक्टर नाही, नर्स नाही. बायकांना समोर बसवायचं आणि त्यांच्याशी बोलायचं, एवढंच काम." त्यावर समोरचा म्हणतो, "अरे वा, मजाच की!" मीही ते खोडून काढत नाही, कारण मजा होती हे खरंच आहे. पण आता निवृत्त झालेय, संपादकांनी दिवाळी अंकाची पानं हवाली केली आहेत, तर भावाची आणि तुमची शंका एकदाच फेडून टाकते.

मी वैद्यकीय समाजसेविका. म्हणजे पेशंटचं दुखणं डॉक्टर बघतात आणि दुखण्याच्या आजूबाजूचं सगळं आम्ही बघतो. घरी कोण आहे, औषध कोण घेऊ देत नाही, पेशंट खरं कोणासमोर बोलतो आणि कोणासमोर नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला एका संशोधनावर घेतलं. पुण्याची एक संस्था ते चालवत होती आणि आमच्याकडे जळगाव आणि धुळे अशी दोन केंद्रं होती, दोन्ही माझ्याकडे. विषय होता एन्डोमेट्रिओसिस. हे नाव पहिल्या दिवशी माझ्याही तोंडात बसेना. आमच्या शिपाईमामांनी तर सरळ 'तो लांब नावाचा आजार' असंच म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे केंद्रात सगळ्यांचं तेच झालं. फोन आला की मामा ओरडायचे, "ताई, लांब नाववाल्यांचा फोन!"

आजार काय आहे ते सांगते, घाबरू नका. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते तयार होतं आणि गळून जातं, तीच पाळी. काही बायकांच्या पोटात त्या अस्तरासारखेच ठिपके भलत्याच जागी उगवतात, बीजांडकोशावर, आतड्यावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला. महिन्याच्या महिन्याला तेही सुजतात, रक्त सोडतात. पण या रक्ताला बाहेर यायला वाटच नसते. मग आतल्या आत दाह होतो, आणि एकमेकांवरून अलगद सरकणारे पोटातले अवयव ओल्या पापडासारखे एकमेकांना चिकटून बसतात. दुखतं, आणि नुसतं दुखत नाही, जीव काढतं. कोणाला पाळीत, कोणाला मध्येच, कोणाला संडासला बसताना, कोणाला नवऱ्याजवळ गेल्यावर. कधीकधी दिवसच राहत नाहीत.

खरी पंचाईत पुढे आहे. भरवशाने सांगता येईल अशी रक्ताची तपासणी यासाठी नाही. साध्या, घाईघाईच्या सोनोग्राफीत पुष्कळदा काही दिसत नाही. पूर्वी खात्री करायची तर पोटाला भोक पाडून दुर्बीण घालायची, हाच मार्ग मानत. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं दुखणं घेऊन हिंडते, प्रत्येक ठिकाणी 'नॉर्मल' निघते, आणि शेवटी घरचे म्हणतात, नाटकं आहेत. हे 'नाटकं' ऐकलं की माझं डोकं फिरायचं, आजही फिरतं.

आमचं संशोधन असं होतं, की नीट प्रश्न विचारून आणि नीट वेळ देऊन सोनोग्राफी करून हा आजार दुर्बिणीच्या आधीच ओळखता येतो का. पहिली पायरी माझी. मी बायकांना ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे. ज्यांचं दुखणं 'तीव्र' निघेल त्यांना पुढे डॉ. रोहिणी मॅडमकडे पाठवायचं. त्या आमच्या सोनोग्राफीतज्ज्ञ. धुळ्याला देवपुरात त्यांचा स्वतःचा दवाखानाही होता. ज्यांचं 'सौम्य' निघेल त्यांना चार समजुतीचे शब्द सांगून घरी.

या कामाचा एक नियम मला पहिल्याच दिवशी घोकून घेतला होता. प्रश्न जसा छापलाय तसाच विचारायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी एका तऱ्हेने विचारलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातलीने दुसऱ्या तऱ्हेने, तर उत्तरांची तुलना कशी करणार? नियम रास्त होता. स्वभावाने मी बडबडी, पण तो नियम मी देवाच्या नवसासारखा पाळला. आता मी बौद्ध घरातली, नवस कधी केला नाही, पण शेजारणींना पाळताना पाहिलंय.

बाकी गमती पुष्कळ. सुनेबरोबर सासू आली की प्रश्न सुनेला आणि उत्तर सासूचं. "दुखतं का?" "नाही दुखत तिचं." "किती दिवस?" "सांगितलं ना, नाही दुखत." यावर आम्ही तोडगा काढला. सासूबाईंना मोठ्या मानाने शेजारच्या खोलीत न्यायचं आणि आमच्या सिस्टरने त्यांचं ब्लडप्रेशर तपासायचं, एकदा बसून, एकदा आडवं पडून, मग दुसऱ्या हाताचं. सासवा खूश होऊन बाहेर यायच्या, इतक्या प्रेमाने आमच्याकडे कोणी कधी बघितलं नाही म्हणायच्या. एवढ्या वेळात इकडे सुनेचं बोलून व्हायचं, रडूनही व्हायचं. काही सासवांचं प्रेशर खरंच वाढलेलं निघालं, तो वरचा फायदा.

मध्यंतरी पुण्याहून निरोप आला की काही बायकांच्या पाळीच्या रक्ताचे नमुनेही हवेत, त्यातही आजाराची काही खूण सापडते का ते बघायचंय. हे मी एका खेड्यातल्या ओसरीवर समजावून सांगितलं. मग एक म्हातारी अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. "माय वं! आतेलोंग याना विटाळ व्हये, घरमा पाय ठेवू देत नव्हतात. अन् आते याले पुनाले नेतस, फ्रीजमा ठेवतस?" मी म्हटलं, "हो अक्का, कालपर्यंतचा विटाळ आता पुण्याच्या फ्रीजमध्ये, आणि वर नावाची चिठ्ठीही चिकटवतात." त्यावर ती ओसरी जी हसली, ती मला अजून ऐकू येते. नमुना द्यायला त्याच ओसरीवरच्या बायका सगळ्यांत आधी तयार झाल्या.

आता ज्या बाईमुळे हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. तिला सुवर्णा म्हणू. हे तिचं खरं नाव नाही. "कोणतं नाव लिहू?" असं मी तिलाच विचारलं, तर म्हणाली, "सुवर्णा लिहा. शाळेत आमच्या एक बाई होत्या सुवर्णा नावाच्या, लई ऐटदार." सुवर्णा बसमध्ये कंडक्टर. आमच्या जळगावच्या केंद्रात आली तीच खाकी गणवेशात, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. अंगाने काटक, बोलायला खणखणीत. राहायची बोदवडला, घरी नवरा, चार वर्षांचा मुलगा, आणि सासू गल्लीच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या दिराकडे.

मी छापील प्रश्न सुरू केले. पाळीच्या दिवसांत घरकाम टाळता का?

"टाळून कुठी जाऊ ताई? घरात बाई मी एकटीच. आन आपल्याकडे ते बाजूले बसनं नाई, माह्या आजीच्या टायमापासूनच बंद आहे." तीही आमच्यातलीच, बौद्ध घरातली. मी मान डोलावली.

कामावर रजा घ्यावी लागते का?

"एकबी नाई!" ती ताठ बसली. "डेपोत म्हनतात, बायांले घेतलं की बाया रजाच टाकतात. म्हनून मी टाकतच नाई. मरन आलं तरी ड्युटी."

झोपून राहावं लागतं का? नाही. घरच्यांना तुमचं काम करावं लागतं का? नाही. मी गुण मांडले. दुखणं सौम्य. पुढच्या तपासणीला पात्र नाही. मी तिला तसं सांगितलं, तर इतका वेळ खणखणीत बोलणारी ती बाई एकदम खाली बघायला लागली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. दुखणं मुलाच्या बाळंतपणानंतर वाढत गेलं होतं. गोळ्या झाल्या, गॅसची औषधं झाली, दोन सोनोग्राफ्या नॉर्मल आल्या. आता कोणीतरी सल्ला दिला होता की पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. पिशवी म्हणजे गर्भाशय, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. ऑपरेशन पोळ्यानंतर करायचं ठरलं होतं. घरात सगळ्यांचं एकमत. एक पोऱ्या झालाय, आता पिशवी कशाला पाहिजे?

"मले पोरगी पाह्यजे ताई," ती म्हणाली. "लोकं पोऱ्या मागतात, मले पोरगी पाह्यजे. पन हे दुखनंबी सहन होत नाई. म्हनून तुमच्याकडे आली, म्हटलं मोठी तपासनी होईल, काय ते समजेल."

मी तिला सांगितलं की घाई करू नकोस, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, पिशवी काढून प्रत्येक दुखणं जातंच असं नाही. ती उठली आणि दारापाशी थांबून म्हणाली, "एक करा ताई. ते सौम्य निघालं म्हनून घरी फोन-बिन करू नका. आधीच नाटकी म्हनतात मले."

मला फार वाईट वाटलं. पण नियमाप्रमाणे ती सौम्य होती, आणि माझ्याकडे नियमापलीकडचं काही नव्हतं. पोळा यायला अजून थोडा अवकाश होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या सरांचा फोन आला. सर म्हणजे संशोधनाचे प्रमुख. माणूस मोठा हुशार आणि तितकाच मिश्कील. म्हणाले, "शोभाताई, धुळे तालुक्यात काय चाललंय? तुमच्या एका गावातल्या जवळजवळ सगळ्या बायकांचं दुखणं तीव्र आलंय. हा काय साथीचा आजार आहे का? डासांमुळे पसरतो की काय?"

मी आणि रोहिणी मॅडम त्या गावी गेलो. लिंबाच्या सावलीत बायका जमल्या. सगळ्यांत जास्त गुण ज्यांचे होते त्या कमळाबाई पुढेच बसलेल्या. धडधाकट, दंडाला हात लावला तर आपलाच हात दुखावा. मी विचारलं, "कमळाबाई, त्या चार दिवसांत तुम्ही खरंच काहीच काम करत नाही?"

"काहीच नही वं ताई. चुल्हाले हात लावाना नही, पानी भराना नही. बठ्ठं सासू करस."

"म्हणजे पोटात फार दुखतं?"

"पोटमा?" कमळाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, जणू मी दुसऱ्या कोणाला विचारतेय. "मन्हा पोटमा काय व्हयनं दुखाले? वरीसभर बैलनामायेक राबस मी. हाई चार दिननी सुट्टी शे!"

सगळ्या खिदळायला लागल्या. ही सुट्टी जाते की काय, या काळजीने मागून एकीने विचारलं, "ताई, हाई बंद करानं म्हनीसन येल शेतस का तुम्ही?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मॅडमकडे. त्या गावात पाळीच्या बाईने बाजूला बसायची रीत होती. म्हणून 'घरकाम टाळता का' या प्रश्नाला प्रत्येकीचं उत्तर 'हो', घरचे तुमचं काम करतात का, 'हो', पडून राहता का, तर बाजूला बसलेली बाई पडणार नाही तर काय करणार, 'हो'. आम्ही दुखणं मोजतोय असं समजत होतो, आणि मोजत होतो गावाची रीत. प्रश्न तयार करणाऱ्यांनी शहरातल्या बाईचा विचार केला होता. मी तोच प्रश्न इमानेइतबारे, एकही शब्द न बदलता, ज्या घरात रीत आहे तिथेही विचारला आणि जिथे नाही तिथेही. परत येताना गाडीत आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

एक गंमत सांगते. माझ्या आजीने आमच्या घरातलं हे बाजूला बसणं कधीच बंद केलं. बाईला विटाळ असतो हे तिला मान्यच नव्हतं, आणि त्याबद्दल मला आजीचा आजही अभिमान आहे. पण कमळाबाईंचा तो प्रसन्न चेहरा बघून वाटलं, आजीने विटाळ हद्दपार केला त्याच्याबरोबर चार दिवसांची सुट्टीही हद्दपार झाली. सुट्टी ठेवून विटाळ तेवढा काढता आला असता तर किती बरं झालं असतं!

हसणं ओसरलं तशी मला सुवर्णा आठवली. रीत असलेल्या गावात सगळ्या जणी तीव्र ठरत असतील, तर जिच्या घरी रीत नाही, रजा घ्यायची नाही, हाताखाली दुसरी बाई नाही, ती कितीही दुखलं तरी सौम्यच ठरणार. मी मॅडमना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण ती आजारी आहेच असंही यातून ठरत नाही ना." तेही बरोबर होतं.

ते ठरलं बसमध्ये. जामनेरला आमचं शिबिर होतं. ते आटोपून मला बोदवडला रेल्वे धरायची होती. बसमध्ये चढले तर कंडक्टर सुवर्णा. गर्दी होती, तिचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मी मागे एका म्हाताऱ्या आबांच्या शेजारी बसले. गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून सुवर्णा माणसांतून वाट काढत होती, एकीकडे एका बाईला सांगत होती, "मावशी, ती पिशवी मांडीवर घ्या, ते पोरगं..." आणि मध्येच थांबली. दांडी घट्ट धरली, टाचा उचलल्या, चवड्यांवर उभी राहिली, श्वास रोखला. बस गतिरोधकावरून धडाड करत गेली. सुवर्णाने टाचा टेकवल्या, श्वास सोडला आणि वाक्य पुरं केलं, "...उभं आहे, त्याले बसू द्या."

मला वाटलं योगायोग असेल. पुढचं गाव आलं, पुन्हा तेच. काळ्या मातीवरचा रस्ता, जागोजाग खचलेला, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेकर तिला पाठ होता. बस पोचायच्या क्षणभर आधी ती चवड्यांवर. शेजारचे आबा मला म्हणाले, "ते पाह्यलं का? आमची कंडक्टरीन ब्रेकरले नमस्कार करते. लई सोयीचं आहे. ते थांबली की आपनबी धरून घ्यायचं." आणि खरोखर, आबांसकट नेहमीच्या सगळ्या प्रवाशांचे हात तिच्याबरोबर समोरच्या दांडीवर जात होते. सगळी बस तिच्या दुखण्यावर बिनघोर चालली होती.

बोदवडच्या स्टँडवर मी तिला गाठलं. "सुवर्णा, ब्रेकर आला की तू टाचा का उचलतेस?"

"कोन, मी?" तिला पत्ताच नव्हता. मग जरा विचार करून म्हणाली, "हाव, उचलते. टाचा टेकल्या असल्या आन गाडी आदळली, तं आतमधी कोनी ओढून धरल्यावानी कळ येते. पार पाठीपर्यंत."

"पाळीतच?"

"रोजच."

"अगं मग हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाई," ती साधेपणाने म्हणाली. "तुम्ही घरकामाचं विचारलं."

रेल्वे गेली तर गेली म्हणत मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संशोधनात तिला आता घुसवता येणार नव्हतं, एकदा अपात्र म्हटल्यावर आपल्या मर्जीने आत घेतलं तर सगळ्या मोजमापाचा बोजवारा उडतो. मी वाद घालायच्या बेतात होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "अभ्यासाचं दार बंद आहे शोभाताई. माझ्या दवाखान्याचं उघडं आहे ना? घेऊन या तिला, साधी पेशंट म्हणून."

पोळ्याच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, सुवर्णा नवऱ्याला घेऊन देवपुरात आली. नवरा रिक्षा चालवायचा, अबोल माणूस. तो बाहेर बसला, मी आत.

रोहिणी मॅडमची ही तपासणी बघण्यासारखी असते. नेहमीची सोनोग्राफी म्हणजे फोटो काढल्यासारखी, दिसलं ते टिपलं. इथे मॅडम आतल्या अवयवांना सोनोग्राफीच्या दांडीने हलकेच ढकलतात आणि पडद्यावर बघतात की ते एकमेकांवरून सरकतात का. निरोगी पोटात गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून सुळकन सरकतात. चिकटलेलं असेल तर दोन्ही एकत्रच हलतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ते बघायला डोळा तयार व्हावा लागतो आणि घाई करून चालत नाही. त्या खोलीत 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा कायद्याचा फलक असतो. तो वाचून सुवर्णा म्हणाली, "मॅडम, मले पोरगीच पाह्यजे, हे सांगितलेलं चालतं ना?" मॅडम हसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या टेबलावर मुलगी मागणारी तू पहिलीच. आता हलू नकोस."

मॅडमनी हळूच ढकललं. पडद्यावर काहीच सरकलं नाही. पुन्हा दुसऱ्या बाजूने. नाही. एका बीजांडकोशात जुन्या रक्ताची गाठही दिसली. मॅडमनी पडदा सुवर्णाकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं, "हे याच्यावरून सरकायला हवं. तुझं चिकटलंय. बस आदळली की हे सगळं एकदम ओढलं जातं. म्हणून तू टाचा उचलतेस."

सुवर्णा पडद्याकडे बघत राहिली. "म्हंजे खरंच आहे?"

"खरंच आहे."

"मी नाटकी नाई?"

"अजिबात नाही."

यावर ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. पोटात आजार निघाला म्हणून इतकं आनंदाने हसणारं माणूस तोपर्यंत मी पाहिलं नव्हतं. मग एकदम म्हणाली, "त्यांले आत बोलवा. त्यांले दाखवा." नवरा आत आला, चप्पल बाहेर काढून. मॅडमनी त्याला पुन्हा सगळं दाखवलं. त्या करड्या ढगांत त्याला काय कळणार, पण बराच वेळ डोळे बारीक करून बघितल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "हाव. चिकटलंय." आणि बायकोकडे वळून हळूच, "तू बोलली का नाई नीट?" सुवर्णा म्हणाली, "बोलत तं होती."

मॅडमनी दोघांना समजावलं. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे ठिपके आणि चिकटलेलं तसंच राहिलं तर दुखणं तसंच राहू शकतं. पोळ्यानंतरचं ते ऑपरेशन रद्द झालं. नवऱ्यानेच सासूला जाऊन सांगितलं, आणि असं कळलं की त्याने हवेत बोटाने काढून 'चिकटलंय' तेही दाखवलं. पुढे धुळ्यालाच दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. मॅडमनी पडद्यावर पाहिलं होतं तसंच आत निघालं. चिकटलेले भाग सोडवले, ठिपके काढले, पिशवी जागच्या जागी ठेवली. हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, औषधं आणि तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात, हेही तिला स्पष्ट सांगितलं. मुलगी होईल का, हे कोणीच सांगितलं नाही, कारण ते कोणालाच माहीत नव्हतं.

पुण्याचे सर स्वतः आले. कमळाबाईंच्या गावी जाऊन बसले, भरीत-भाकरी जेवले, आणि आमच्या प्रश्नांचं जे काही झालं होतं त्यावर सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. त्या वेळी कमळाबाईंच्याच गल्लीतली एक अबोल सून खरोखर आजारी निघाली. शेजारणींइतकेच तिचे गुण, त्यामुळे त्या 'साथीत' ती दिसलीच नव्हती. सरांनी प्रश्न नव्याने बांधायला घेतले. रीत म्हणून काम सोडता की दुखतं म्हणून, हे वेगळं विचारायचं. आणि एक प्रश्न नवा घालायचा, गाडी आदळली की पोटात काय होतं? बैठकीत कोणीतरी म्हणालं, आमच्या शहरात रस्ते गुळगुळीत आहेत, तिथे हा प्रश्न कसा विचारणार? सर म्हणाले, "मग तुमच्या पेशंटना खानदेशात पाठवा, खड्ड्यांची कमी नाही." तो प्रश्न काही जादूची कांडी ठरला नाही. आजार असलेल्या काही जणी 'काही होत नाही' म्हणाल्या, आणि नुसतं पित्त झालेल्या काही 'फार होतं' म्हणाल्या. संशोधन असंच असतं, एक पाऊल पुढे टाकायचं आणि जमीन चाचपायची. पण आमच्या प्रश्नांमध्ये आज तो प्रश्न आहे, आणि तो बोदवडच्या बसमधून आलाय, याची मला ऐट आहे.

खंतही आहे. पिशवी काढून झाल्यावर तेच दुखणं घेऊन आमच्याकडे आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याजवळ नुसतं बसून राहायचे.

गेल्या महिन्यात जामनेरला भाचीकडे गेले होते. परतीला बोदवडची बस, आणि कंडक्टर सुवर्णा. "या ताई, या!" करत तिने मला पुढची जागा दिली. मागच्या बाकावर तेच आबा, या खेपेला शेजारी वाटेत ज्वारीचं पोतं. बस निघाली. सुवर्णा आबांच्या अंगावर उभी राहून त्यांना झापत होती, "आबा, किती वेळा सांगू, पोतं सीटखाली घ्या, वाट अडते." मी समोर रस्त्याकडे बघितलं तर ब्रेकर आलेला. माझा हात आपोआप दांडीवर गेला, टाचा उचलल्या गेल्या, श्वास थांबला. गाडी धडाड करून आदळली. सुवर्णा दोन्ही पाय टेकवून उभी होती, तिचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

आबांचं डोकं मात्र खिडकीच्या दांडीवर टाणकन आपटलं. डोकं चोळत ते कळवळून म्हणाले, "अवो बाई, आता तू काहीच कसं सांगत नाई? मोठा ब्रेकर होता!"

सुवर्णाने वळून मागे रस्त्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"कोनता ब्रेकर, आबा?"